डिंभ्याच्या आभाळातले ठिपके

घोडेगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. आई गेल्यापासून वर मी आणि वडील, दोघंच. वडिलांना सगळा तालुका दादा म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणत आले. गेली काही वर्षं दुकान मी बघते. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, शाळांच्या निरोपसमारंभाच्या फ्रेमा. दादा दुपारचे खाली येऊन बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि लोकांनी आणलेले फोटो बघायचे.

फोटो बघायचे म्हणजे खरा की खोटा ते सांगायचे. हे काम त्यांच्याकडे कसं आलं ते मला नेमकं माहीत नाही, पण माझ्या लहानपणापासून होतं. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मागे कुणी पांढरी बाई उभी दिसली आणि त्या घरातल्या माणसांची झोप उडाली. दादा त्यांच्या घरी गेले, खोलीतल्या कपाटाच्या आरशासमोर फ्लॅश मारून दाखवला आणि तशीच पांढरी बाई त्यांना पुन्हा काढून दिली. बिबट्याचे व्हिडिओ तर आमच्याकडे रोजचे. डिंगोऱ्याच्या एका गिऱ्हाइकाने ओट्यावर बसलेला बिबट्या आणला होता. दादांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, "खांबाची सावली इकडं पडलीय, बिबट्याची तिकडं. दोन सूर्य असतील तुमच्या गावाला." तो माणूस हसत गेला.

त्यांचे निकाल तीनच असत. खरं. खोटं. आणि तिसरा, जो ते सगळ्यांत जास्त वेळा द्यायचे: "खरं हाय, पण तुमी म्हणता ते न्हाई."

लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता त्याचं आणखी एक कारण होतं. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. आजोबांच्या मेंढरांमागे दादांचं लहानपण उघड्या रानात गेलं. कुठला तारा कधी उगवतो, उपग्रह कसा सरळ रेघेत न लुकलुकता जातो, विमानाचा दिवा कसा उघडझाप करतो, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं. त्याच दिवसांत बाभळीचा काटा त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने त्यांना माणूस दिसायचा, माणसाचं तोंड दिसायचं नाही. पुढे मेंढरं गेली, त्यांनी कॅमेरा धरला, आणि आयुष्यभर तो उजव्या डोळ्याला लावला. एका डोळ्याचा फोटोग्राफर ही गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी डिंभ्याचा एक गृहस्थ दुकानात आला. धरणाच्या पाण्यात मासे धरणारा, पन्नाशीच्या आतला, अंगाने काटक. मी त्याला ओळखत नव्हते, पण त्याचा व्हिडिओ मला माहीत होता, कारण तो आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. संध्याकाळचं जांभळं आभाळ, खाली धरणाची भिंत, पलीकडे डोंगर, आणि डोंगराच्या वर निळसर हिरव्या ठिपक्यांची एक तिरपी ओळ. ठिपके हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, डिंभ्यात परग्रहावरचं यान.

"ताई, दादा हायत का?"

दादा आतल्या खुर्चीत होते. तो त्यांच्यासमोर उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"दादा, गावात मला खोटा म्हणत्यात. म्हणत्यात, परत प्यायला लागला आन् काय बी दिसाया लागलं. मी सोडलीय. माझी बायको साक्षीला हाय. तुमी एकदा बघा आन् सांगा, मी बनवलाय का ह्यो."

"बनवलाय का?" दादांनी विचारलं.

"मला फोनमधी नंबर सेव करता येत न्हाई, दादा. पोरं करून देत्यात."

मी त्याच्या फोनवरचा मूळ व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला. फिरून फिरून आलेला व्हिडिओ दादा कधीच बघायचे नाहीत. मूळ आणा म्हणायचे. दादा पडद्याजवळ सरकले. डोकं थोडं डावीकडे वळवून, उजवा डोळा पुढे करून बघत राहिले. सुरुवातीला हातात धरलेला एक मोठा मासा होता, फिरणाऱ्या व्हिडिओत तो कापलेला होता; मग फोन वर जाऊन आभाळ आलं. मी दोनदा चालवला, एकदा हळू चालवला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली.

"खरं हाय," दादा म्हणाले.

मी वाट बघितली. पुढचं वाक्य आलं नाही.

"खरं म्हंजी?" त्या गृहस्थाने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"खरं म्हंजी तिथं काय तरी व्हतं. मी बी बघितलंय. म्हैनाभर बघतोय मी. संध्याकाळचं, उजव्या अंगाला. लख्कन चमकून जातं. विमान न्हाई, उपग्रह न्हाई. मला कळतं त्यातलं."

तो गृहस्थ खाली वाकला आणि त्याने दादांच्या पायाला हात लावला. दादांनी पाय मागे घेतले. तो गेला तेव्हा दुकानाच्या पायऱ्यांवरूनच कुणाला तरी फोन लावत होता.

गिऱ्हाईकं गेल्यावर मी व्हिडिओ पुन्हा लावला. दादांबरोबर इतकी वर्षं बसल्यामुळे मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं होतं. चित्राच्या खालच्या उजव्या बाजूला धरणाच्या भिंतीवरचे दिवे होते, नुकतेच लागलेले. वरच्या डाव्या बाजूला ठिपके. हात हलून दिवे खाली गेले की ठिपके वर जायचे. दिवे उजवीकडे सरकले की ठिपके डावीकडे. भिंतीवरच्या ओळीत उजव्या टोकाशेजारचा एक दिवा बंद होता. ठिपक्यांच्या ओळीत डाव्या टोकाशेजारी तेवढीच मोकळी जागा होती. फोनच्या भिंगाच्या आत प्रकाश आपटून मागे येतो आणि दिव्यांचं उलटं भूत चित्रात उमटतं. हे मला दादांनीच शिकवलं होतं.

"दादा, हे बघा, इथं गॅप आहे आणि इथंही."

"कुठं?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. ते आणखी पुढे झाले, मग मागे झाले.

"मला न्हाई दिसत गॅप."

"अहो, हे काय."

"पोरी, मी आभाळाखाली वाढलोय," ते म्हणाले. "मी जे बघतोय ते भिंगात न्हाई. माझ्या हातात काय मोबाईल असतो व्हय फिरताना?"

ते हट्टाला पेटले आहेत असं मला वाटलं. पण दादा हट्टी माणूस नव्हते, आणि हीच गोष्ट मला रात्रीच्या भाकरी करताना टोचत राहिली.

दोनच दिवसांनी नारायणगावचा एक चॅनलवाला आला. मोबाईलवर बातम्या टाकायचा. टोमॅटोचे भाव, अपघात, बिबट्या. त्याने स्टुडिओतला आमचाच दिवा लावून दादांना खुर्चीत बसवलं आणि माईक धरला. दादांनी सांगितलं ते नीट सांगितलं. काय दिसतं, कधी दिसतं, कुठल्या बाजूला. एलियन हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. चॅनलवाल्याने तो वर मोठ्या अक्षरांत लिहिला. संध्याकाळपर्यंत माझ्या नात्यातल्या सगळ्यांनी मला तो पाठवला होता. मंचरहून मावशीचा फोन आला. "दादांना काय झालंय गं?" ती म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

त्यानंतर दादांनीच विषय काढला. "चल डिंभ्याला. तुला दावतो. मंग तर पटंल."

एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. तो गृहस्थ वाटेवर येऊन थांबला होता. त्याने आम्हाला पाण्याकडे नेलं, जिथून त्याने व्हिडिओ काढला होता तिथे. त्याच्या बायकोने चहा पाठवला. धरण भरलेलं होतं. पाणी काळपट दिसत होतं आणि त्याच्यावरून गार वारा येत होता. मी कॅमेरा तिपाईवर लावला, मोबाईलही चालू ठेवला. भिंतीवरचे दिवे लागले. तो टोकाशेजारचा दिवा अजून बंदच होता.

बराच वेळ आम्ही तिघं आभाळाकडे बघत उभे होतो. वटवाघळं गेली. शुक्र होता, तो दादांनीच दाखवला. एक विमान गेलं. मग दादांनी झटकन मान वळवली.

"त्ये बघ. उजव्या हाताला. गेलं."

मला काही दिसलं नाही. मी त्या गृहस्थाकडे बघितलं. तो म्हणाला, "व्हय, व्हय, दिसलं." पण तो भलतीकडे बघत होता.

"आता परत. कमानीवानी. बघ की."

"दादा, कुठं? कुठल्या झाडाच्या वर?"

"झाडाच्या वर न्हाई. ते मी बघंल तिकडं येतं." ते थांबले. मग थोड्या वेगळ्या आवाजात म्हणाले, "डोळं मिटलं तरी दिसतं, पोरी."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते आणि तोंडावर एक लहानसं आश्चर्य होतं.

"आता दिसतंय?"

"दिसतंय. लख्कन येतं, जातं."

मी त्यांना डोळे उघडायला लावले. डावा डोळा हाताने झाकला आणि माझं तोंड दिसतं का विचारलं.

"अर्धं दिसतं," ते म्हणाले. "खालून काळा पडदा आल्यावानी झालाय. चार-पाच दिवस झालं. म्हटलं, जाईल."

तो गृहस्थ शेजारीच उभा होता. मी कॅमेरा आवरला. परत येताना दादा मागे बसले होते आणि त्यांनी माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं. घोडेगाव येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "फोटोवाल्याला दिसंना झालं हे कुणाला सांगणार?"

दुसऱ्या दिवशी पुण्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकून, भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग मला जवळ बोलावलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटला होता. पडदा ओढला जातो तेव्हा आत अशी वीज चमकते, म्हणाल्या. बाहेर काही नसतं. पहिल्यांदा चमक दिसली तेव्हाच यायला हवं होतं. आता मधला भागही सुटलाय. ऑपरेशन करू, पण बघा.

दादा ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजी आभाळात काय नव्हतं?"

"नाही, काका."

"बरं," ते म्हणाले, आणि टोपी मांडीवर ठेवून तिची घडी घालत बसले.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरतात. तो बुडबुडा पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून माणसाला पालथं राहावं लागतं. घरी आल्यावर दादा दिवसरात्र पालथे होते. जेवतानाही मान खाली. मी जमिनीवर ताट ठेवायचे आणि त्यांच्या बाजूला बसायचे. बुडबुडा त्यांना दिसायचा. काळा, गोल, डुलणारा. एकदा ते उशीत तोंड ठेवून म्हणाले, "आता खरीच तबकडी आली बघ. डोळ्यातच उतरली." मी हसले. ते हसले नाहीत.

बुडबुडा हळूहळू लहान होत गेला आणि एक दिवस संपला. पडदा जागेवर बसला होता, पण त्यावर चित्र उमटेना. उजेड कळायचा, खिडकीचा चौकोन कळायचा. डाव्या डोळ्याने माणूस कळायचा. बस्स, तेवढंच राहिलं.

तो डिंभ्याचा गृहस्थ बघायला आला. पिशवीत मासे होते. दादा खाटेवर बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्याच्या पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"बस," दादा म्हणाले. "तुला सांगायचं व्हतं. मी चुकलो. मी जे बघत व्हतो ते माझ्या डोळ्यातलं व्हतं. आन् तुझ्या व्हिडिओतलं धरणाचं दिवं हायत. पोरीनं मला पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. मला दिसलं न्हाई."

मी माझ्या मोबाईलवर त्याला दाखवलं. दिवे, ठिपके, बंद दिवा, मोकळी जागा. मग त्याच्याच फोनने खोलीतल्या बल्बचा व्हिडिओ काढून दाखवला. भिंतीवर एक निळसर ठिपका उलटा फिरताना त्याने बघितला. दोनदा बघितला.

"म्हंजी मी खोटा," तो म्हणाला.

"खोटा न्हाई. तू बनवलं न्हाईस. व्हिडिओ खरा हाय. खोटं बोलणं येगळं आन् चुकणं येगळं, आन् लोकास्नी त्ये येगळं करता येत न्हाई."

"पण दादा, मी डोळ्यानं बघितलं की. वरून खाली आलं. घुमल्यावानी आवाज येत व्हता."

दादांनी हळू विचारलं, "डोळ्यानं बघितलं का आदी मोबाईलमधी बघितलं? नीट आठव. घाई न्हाई."

तो मान खाली घालून बसला. मी मासे आत ठेवून आले तरी तो तसाच होता.

"मोठा कटला मासा गावला व्हता," तो म्हणाला. "मेव्हण्याला दावायचा म्हणून शूटिंग केलं. मंग फोन वर झाला, डोंगर आला त्यात. घरी गेलो. मेव्हण्यानं फोन करून इचारलं, वर दिवं कसलं हायत." तो थांबला. "तवा मी म्हणालो, व्हय, व्हतं काय तरी. मंग दुसऱ्यानं इचारलं. मंग तिसऱ्यानं. आता मला डोळ्यापुढं दिसतंय खाली येताना. आवाज बी ऐकू येतोय. आता खरं आठवतंय का सांगून सांगून आठवतंय, ते बी कळंना."

खाली रस्त्यावर उसाची ट्रॉली गेली, खिडकीची काच थरथरली.

"गावात काय सांगू?" त्याने विचारलं.

"खरं सांग."

"म्हणतील, दारूच व्हती."

जाताना त्याने दादांच्या हातावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग जिना उतरून गेला.

त्याच दिवशी दादांनी मला चॅनलवाल्याला फोन लावायला सांगितलं. मी चुकलो असं मला सांगायचंय, म्हणाले. तो आला. या वेळी कॉलरला लावायचा छोटा माईक आणला होता. दादांनी सगळं सांगितलं. डोळ्याचा पडदा, ऑपरेशन, धरणाचे दिवे. मी कॉम्प्युटरवर बंद दिव्याची जागा दाखवली. तो मान डोलावत होता. जाताना म्हणाला, "दादा, लई मोठं मन लागतं याला."

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. त्यात दादांचा पट्टी बांधलेला डोळा होता, जवळून घेतलेला. दादांचं एकच वाक्य ठेवलं होतं: "मी जे बघत व्हतो त्यानंतर मला दिसंना झालं." असं वाक्य दादा बोललेच नव्हते. दोन ठिकाणचे तुकडे जोडलेले होते, आणि जोड कुठे आहे तेही मला कळत होतं, कारण मागच्या पंख्याची पाती एकदम दुसरीकडे उडी मारत होती. वर लिहिलं होतं, परग्रहावरच्या प्रकाशाने डोळा गेला?

मी फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी प्रश्नचिन्ह टाकलंय ना."

"तुम्ही त्यांचं बोलणं कापलंय."

"लांब व्हिडिओ कुणी बघत नाय, ताई. तुमचा दुसरा बी टाकतो मी, पूर्ण. प्रॉमिस."

पूर्ण व्हिडिओ त्याने खरंच टाकला. तो बघणाऱ्यांत मी होते, मावशी होती, आणि आणखी थोडे.

दादांना मी ते ऐकवलं. त्यांनी स्वतःचं जोडलेलं वाक्य दोनदा ऐकलं.

"जोड कुठाय?" त्यांनी विचारलं.

"'त्यानंतर'च्या आधी. पंखा उडी मारतो तिथं."

"आवाजात कळत न्हाई," ते म्हणाले. "बघणाऱ्यालाच कळंल. आन् बघतंय कोण?"

मग लोक यायला लागले. दुकानात काम आहे असं सांगून यायचे आणि जिन्याकडे बघायचे. काही सरळ वर यायचे. मढच्या बाजूची काही माणसं जीप करून आली. घरातल्या बायकाही बरोबर होत्या, एकीच्या कडेवर मूल होतं. त्यांनी दादांच्या पायावर डोकं ठेवलं. एकाने न विचारता मोबाईल दादांच्या तोंडासमोर धरला.

"पावणं," दादा म्हणाले, "धरणाचं दिवं व्हतं त्ये. माझा डोळा आजारानं गेलाय. साखरंनं जातो, म्हातारपणानं जातो, तसा. आभाळातून कुणी आलं न्हाई."

तो माणूस आदराने म्हणाला, "बरं, दादा." त्यांनी चहा घेतला, प्रकृतीची चौकशी केली. मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले. खालच्या पायरीवर तो दुसऱ्याला सांगत होता, "बोलू देत न्हाईत त्यांना. सरकारचं माणूस येऊन गेलं असंल."

मी वर आले. दादा भिंतीकडे तोंड करून बसले होते. "पटलं का त्यास्नी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. ते माझ्याकडे वळले नाहीत. मला वाटतं, त्यांनी जिन्यावरचं ऐकलं होतं. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले होते.

त्यानंतर त्यांनी निकाल देणं बंद केलं. देता येणारच नव्हते, पण लोक तरीही यायचे. म्हणायचे, दादा, पोरगी सांगेल काय दिसतं ते, तुम्ही फक्त बोला. दादा मान हलवायचे. दुपारचं खाली येणंही हळूहळू थांबलं. जिना उतरायचा त्रास होतो, म्हणायचे. मी धरून नेते म्हटलं तरी नको म्हणायचे.

डिंभ्याहून मासे येईनासे झाले. मार्चच्या सुमारास तो गृहस्थ मला घोडेगावच्या स्टँडवर भेटला. मंचरला मार्केटमध्ये हमालीला जात होता. हातात डबा होता. चेहरा उतरलेला, पण तोंडाला वास नव्हता, हे मी नकळत बघितलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"धरणावर?" मी विचारलं.

"सोडलं. बायको जाऊ देत न्हाई. तिनं दादांचा डोळ्याचा व्हिडिओ बघितला. म्हणती, तुमचे पण जातील. रोज सांगतो तिला दिवं हायत म्हणून. म्हणती, मंग दादांचं डोळं कसं गेलं?"

"मी येऊन सांगू का त्यांना?"

"सांगून बघा," तो म्हणाला. पण त्याचा सूर असा होता की तो मला दुखवायला नको म्हणून हो म्हणत होता. "गावात अर्धे म्हणत्यात दारूडा, अर्धे म्हणत्यात यानवाला. पोरं मला यान म्हणूनच हाका मारत्यात. मासे धरणारा कुणीच म्हणत न्हाई."

मंचरची गाडी लागली. तो चढायला गेला आणि पुन्हा खाली आला.

"ताई, एक इचारू? खरंच दिवंच व्हतं ना?"

"दिवेच होते," मी म्हटलं.

"तुमी सांगता म्हंजी असंल." तो गाडीत चढला. खिडकीशी जागा मिळाली, पण त्याने बाहेर बघितलं नाही. डबा मांडीवर घेऊन समोर बघत बसला.

पुढच्या रविवारी मी डिंभ्याला गेले. त्याच्या बायकोने मला बसवलं, पाणी दिलं. मी तिला मोबाईलवर सगळं दाखवलं. तिने मन लावून बघितलं, बंद दिव्याची जागाही ओळखली. मग तिने विचारलं, "दादांना आता किती दिसतं?" मी म्हटलं, उजेड कळतो. तिने पदर डोक्यावर ओढला आणि दाराबाहेर पाण्याकडे बघितलं. त्यांची होडी काठावर उपडी घातलेली होती, तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या.

"नगं," ती म्हणाली. "हमाली बरी."

घरी आले तेव्हा दादा रेडिओ लावून बसले होते. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्या तेवढी खाटंजवळची खिडकी बंद करून घे. उन्हं सरळ तोंडावर येत्यात. उजेडाचा त्रास व्हतो."